‘निकामी’ संगणकाचे निदान

‘संगणक निकामी झाला’ हा निकाल आजकाल घरोघरी फार लवकर दिला जातो. बटन दाबले, पडदा काळाच राहिला आणि ओळखीच्या दुकानदाराने “मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या” असे सांगितले, की आठ-दहा वर्षे घरात मानाने वावरलेले ते यंत्र चादर पांघरून माळ्यावर जाते. तेथून एके दिवशी भंगारवाल्याच्या गाडीवर. त्याच गावात, कदाचित त्याच वर्गात, एखादा विद्यार्थी आपला प्रकल्प मोबाईलच्या वीतभर काचेवर अंगठ्याने लिहीत असतो. एकाकडे पडून असलेले यंत्र आणि दुसऱ्याची गरज या दोहोंच्या मध्ये ‘निकामी’ हा एक शब्द उभा असतो. प्रस्तुत लेखात त्या शब्दाचीच थोडी उलटतपासणी करावयाची आहे.

संगणकाची दुरुस्ती हा विज्ञान शाखेचा प्रांत, आपला संबंध फक्त टंकलेखनापुरता, असा समज कला शाखेत रूढ आहे. तो खरा नाही. घरच्या संगणकाचे बहुतेक बिघाड शोधायला उच्च गणित लागत नाही आणि डाग देण्याचे कसबही लागत नाही. लागते ते तर्कशास्त्र, थोडा धीर आणि एक स्क्रू ड्रायव्हर. यांपैकी पहिली गोष्ट तरी आपल्या अभ्यासक्रमात आहे.

सुट्या भागांचे यंत्र

प्रथम हे यंत्र असे घडले कसे ते पाहू. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. तो लवकर बाजारात आणायचा असल्यामुळे कंपनीने बरेचसे भाग स्वतः न घडविता बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा होता आणि कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मायक्रोसॉफ्टची. आत जादा कार्डे बसविण्यासाठी मोकळ्या खाचा ठेवल्या आणि यंत्राची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्धही केली. पाहता पाहता इतर कंपन्यांनी तशीच यंत्रे आणि त्यांत बसणारे भाग तयार करावयास सुरुवात केली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे प्रमाण आखून दिले. मदरबोर्डचे माप, स्क्रूंची छिद्रे, विजेच्या जोडण्या हे सारे त्यामुळे ठरून गेले. एका कंपनीचा भाग दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथे ‘असेंबल्ड’ संगणकांचा जो व्यापार वाढला, तो याच पायावर.

या इतिहासाचा आपल्याला होणारा उपयोग असा, की असे यंत्र सहसा एकदम मरत नाही. त्याचा एखादा भाग मरतो. मुख्य भाग पाच-सहाच आहेत. एसएमपीएस नावाची पेटी घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सौम्य विजेत रूपांतर करते. मदरबोर्ड सर्वांना जोडतो, प्रोसेसर आकडेमोड करतो. हार्ड डिस्क हे ग्रंथालय मानले, तर रॅम हे वाचनाचे टेबल. काम चालू असताना पुस्तके टेबलावर असतात; वीज गेली की टेबल रिकामे होते. शेवटी पडदा. ‘संगणक बिघडला’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. यांपैकी कोण बिघडले, हा खरा प्रश्न.

शोधाची रीत

जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्ववेत्त्याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धती थोडक्यात अशी : दोन प्रसंगांत बाकी सारे समान असून एकाच गोष्टीचा फरक असेल, आणि एका प्रसंगी घटना घडत असून दुसऱ्या प्रसंगी घडत नसेल, तर त्या फरकातच कारण दडलेले असते. आपल्याकडील न्यायदर्शनाच्या अभ्यासकांना अन्वय-व्यतिरेकाचा विचार नवा नाही. जेथे धूर तेथे अग्नी, जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, हे उदाहरण आपण पाठ केलेले असते.

संगणकाच्या दुरुस्तीचा सारा गाभा एवढाच आहे : एका वेळी एकच बदल करावा. केबल बदलली, रॅम काढून बसविली आणि नवी बॅटरीही घातली. यंत्र सुरू झाले. पण कशामुळे? ते आता कोणालाही सांगता येणार नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा पहिल्याच पायरीवर उभे. म्हणून एक वही जवळ ठेवावी. काय बदलले आणि काय घडले, हे ओळीने लिहावे. सोपी आणि बिनखर्चाची चाचणी आधी, अवघड व खर्चाची नंतर, हाही क्रम पाळावा.

हात घालण्यापूर्वी पथ्ये तीन. भिंतीतील प्लग काढून घ्यावा आणि त्यानंतर पॉवर बटन काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. आपल्या अंगावरील स्थितिक विद्युत नाजूक चकत्यांना मारक असते. आणि एसएमपीएसची पेटी किंवा जुन्या काचनळीचा मॉनिटर कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यांच्या आत जिवावर बेतेल एवढा विद्युतभार शिल्लक असू शकतो.

लक्षणांवरून रोगाकडे

आता नेहमीच्या तक्रारी घेऊ.

पहिली, यंत्र मुळीच जागे होत नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. येथे संशयित फक्त विजेच्या वाटेवरचे. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. नंतर केबल बदलावी. एसएमपीएसच्या पाठीमागे एक छोटा खटका असतो, तो कोणीतरी झाडताना बंद केलेला नाही ना ते पाहावे. एवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या चालू संगणकाचा एसएमपीएस जोडून पाहावा. यंत्र जागे झाले, तर ‘मदरबोर्ड गेला’ हा निकाल खोटा ठरला. मल्टिमीटर वापरता येणाऱ्याने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते तपासावे. प्रमाणानुसार पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

दुसरी तक्रार, पंखे फिरतात पण पडदा काळा. मॉनिटरला स्वतःची वीज मिळत असून त्यावर सिग्नल नसल्याचा संदेश दिसत असेल, तर मॉनिटर जिवंत आहे. शोध पुढे न्यावा. येथे सर्वांत वारंवार आढळणारा गुन्हेगार म्हणजे रॅम. तिच्या पट्टीच्या कडेला सोनेरी स्पर्शिका असतात. आपल्या दमट हवेत आणि धुळीत त्यांवर मळ चढतो आणि जोड तुटतो. पट्टी काढावी, साध्या खोडरबराने त्या सोनेरी कडा हलकेच पुसाव्यात, रबराचा भुगा ब्रशने झाडावा आणि दोन्ही टोकांचे चिमटे ‘खट्‌’ असा आवाज करीपर्यंत पट्टी दाबून बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. हाच तो व्यतिरेक. काही यंत्रे अशा वेळी शिट्टीसारखे आवाज काढतात. त्यांची संख्या आणि लांबी यांना ठरलेला अर्थ असतो, मात्र तो मदरबोर्डनुसार बदलतो.

तिसरी, यंत्र सुरू होते आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडते. हे बहुधा उष्णतेचे लक्षण. प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. पात्यांमध्ये धुळीची गोधडी साचली, की वारा आत शिरत नाही. प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. धूळ ब्रशने काढावी. काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधील लेप वर्षानुवर्षांनी सुकतो. जुना पुसून वाटाण्याएवढा नवा लेप लावला, की पुष्कळदा काम होते. याच वेळी मदरबोर्डवरील नळकांड्यासारखे कॅपॅसिटर पाहून घ्यावेत. त्यांची डोकी सपाट असावयास हवीत. फुगलेली किंवा पाझरलेली दिसली तर रोग तेथे आहे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष रसायनाचे कॅपॅसिटर अनेक कंपन्यांच्या यंत्रांत शिरले होते. कुशल कारागीर असे कॅपॅसिटर बदलून देतो. त्यासाठी सारा मदरबोर्ड फेकण्याचे कारण नाही.

चौथी तक्रार मोठी गमतीची आहे. यंत्र उत्तम चालते, पण इंटरनेटवरील बहुतेक संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडण्यास नकार देतात. लोकांना वाटते, व्हायरस आला. खरे कारण मदरबोर्डवर बसविलेली नाण्याएवढी बॅटरी असू शकते. सीआर २०३२ या नावाने ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. वीज बंद असताना यंत्रातील घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली, की प्लग काढताच यंत्र कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या ओळखपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. यंत्राच्या मते आज जर २०१० साल असेल, तर आजचे ओळखपत्र त्याला अद्याप लागूच झालेले नसते. एका नाश्त्याच्या किमतीची बॅटरी बदलून तारीख नीट केली, की ‘व्हायरस’ नाहीसा होतो.

मंदपणाचे मर्म

पाचवी तक्रार सर्वांत सार्वत्रिक : यंत्र चालते, पण फार हळू चालते. ‘जुने झाले’ असे म्हणून लोक समाधान मानतात. परंतु प्रोसेसर म्हातारा होऊन मंदावत नाही. धूळ आणि उष्णता नसेल तर तो पहिल्या दिवशी जेवढ्या वेगाने चालत होता तेवढ्याच वेगाने आजही चालतो. मंद असते ती बहुधा हार्ड डिस्क. तिच्यात एक तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते आणि एक दांडा तिच्यावर पुढेमागे सरकून मजकूर वाचतो. ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवर विखुरलेले तुकडे वाचताना दरवेळी दांड्याला सरकावे लागते आणि हवी ती जागा फिरून येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे सेकंदाला शंभराच्या आतच तुकडे हाती येतात. एसएसडी या नव्या प्रकारच्या साठवणीत काहीच फिरत नाही. तेथे हा आकडा हजारांच्या घरात जातो.

२००३ नंतर प्रचारात आलेली ‘साटा’ ही जोडणी ज्या यंत्रात आहे, त्यात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविता येते. बरोबर रॅम थोडी वाढविली, तर ज्याला आपण मरणपंथाला लागलेला समजत होतो तोच संगणक ताजातवाना होतो. मात्र जुनी डिस्क टक्‌ टक्‌ असा आवाज करीत असेल, तर बाकी सारे थांबवून आधी तिच्यातील मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. यंत्र पुन्हा मिळते. प्रबंधाचे टिपण आणि घरची छायाचित्रे मिळत नाहीत.

तारखेने आलेले म्हातारपण

आता दुरुस्तीच्या पलीकडचा एक बिघाड. यंत्र धडधाकट असते, पण त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आज्ञावलीचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सुविधा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. परिणामी २०१७ च्या आधीची असंख्य चालू यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ झाली. त्यांच्यात काहीही मोडलेले नव्हते.

यावर उपाय आहे आणि तो विनामूल्य आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढविली. आज लिनक्स मिंट, लुबुंटू, डेबियन अशी तिची अनेक रूपे आहेत. त्यांतील हलकी रूपे चार गिगाबाइट रॅमच्या यंत्रावर लेखन-वाचनाचे काम सुखाने करतात. लिबरऑफिस हे लेखनाचे साधन विनामूल्य मिळते आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकनही होते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात यांतील बऱ्याच विषयांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

विशेष म्हणजे लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. ही एक उत्तम निदान-चाचणीही आहे. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरळीत चालले आणि डिस्कवरून चालले नाही, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील आज्ञावलीत आहे, बाकीचे भाग निर्दोष आहेत. मिलची पद्धती येथेही उपयोगी पडली.

नवे काम

यंत्र सुरू झाले. आता त्याला काम कोणते द्यावे? लेखनाचे काम आहेच. दुसरे, ग्रंथालयाचे. ‘किविक्स’ या विनामूल्य आज्ञावलीने संपूर्ण मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेता येतो आणि पुढे इंटरनेटशिवाय वाचता येतो. जेथे नेटवर्क डोंगराआड राहते, अशा गावच्या वाचनालयात जुन्या यंत्राचे हे मोठेच पुण्यकर्म ठरेल.

तिसरे काम मात्र खास आपल्या शाखेचे आहे आणि त्याची घाई आहे. आपल्या घरांत, लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या कपाटांत, मराठी विभागांच्या पेट्यांत ध्वनिफिती पडून आहेत : जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, कीर्तने, आजीने सांगितलेल्या कहाण्या. फितीवरचा चुंबकीय थर वर्षांगणिक झिजतो, ओल लागली की बुरशी धरतो आणि फीत वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत. हे आवाज एकदा गेले की गेले. ते संगणकात उतरविण्यासाठी जुना टेबलावरचा संगणक पुष्कळ नव्या लॅपटॉपपेक्षा सोयीचा आहे. त्याच्या पाठीमागे तीन रंगांची छिद्रे असतात. हिरवे ध्वनी बाहेर देणारे, गुलाबी माइकचे आणि निळे ‘लाइन-इन’चे. हे निळे छिद्र आजच्या बहुतेक लॅपटॉपना नसते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून निळ्या छिद्रात केबल जोडावी आणि ऑडॅसिटी या विनामूल्य आज्ञावलीने मुद्रण करावे. गुलाबी छिद्रात जोडू नये. ते माइकच्या क्षीण आवाजासाठी असल्याने ध्वनी फाटतो. साठ मिनिटांच्या फितीला साठ मिनिटेच लागतात आणि सीडीच्या दर्जाने सुमारे ६३५ मेगाबाइट जागा. प्रत्येक मुद्रणासोबत गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि संकलकाचे नाव लिहून ठेवावे, आणि दोन प्रती दोन निराळ्या जागी ठेवाव्यात. हे नोंदी करण्याचे काम कोणतेही यंत्र आपण होऊन करणार नाही.

मर्यादा आणि निरोप

जुने ते सारेच सोने नव्हे, हेही सांगितले पाहिजे. साठ वॅट घेणारा संगणक रात्रंदिवस चालू ठेवला, तर दिवसाला जवळजवळ दीड युनिट आणि महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज जाते. पंधरा वॅटच्या जुन्या लॅपटॉपला हेच काम ११ युनिटांत जमते. तेव्हा अखंड चालणाऱ्या कामाला लॅपटॉप आणि तास-दोन तासांच्या कामाला मोठे यंत्र, अशी वाटणी करावी. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती टोचू-दाबू नये, चार्जही करू नये. ती पेट घेऊ शकते. पातळ नव्या लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डालाच जडविलेली असते. अशा बाबतीत दहा वर्षांपूर्वीचे यंत्र नव्यापेक्षा अधिक दुरुस्तीयोग्य ठरते, हा काळाचा उफराटा न्याय.

मदरबोर्ड खरोखरच गेला, तरी रॅम, एसएमपीएस, पंखे आणि पडदा दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडतात. हार्ड डिस्क छोट्या डबीत घालून बाहेरून जोडता येते. यंत्र कोणाला देण्यापूर्वी डिस्क पुसावी. फाइल ‘डिलीट’ करणे म्हणजे ग्रंथालयातील सूचीपत्र फाडणे. पुस्तक फळीवरच राहते. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिले, तरच हार्ड डिस्कवरील जुना मजकूर जातो. एसएसडीसाठी मात्र तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरावी.

जे उरेल ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी पुष्कळसा उघड्यावर हाताळला जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सोन्याच्या कणासाठी बोर्ड आम्लात बुडविले जातात, आणि तो धूर हे काम करणाऱ्यांच्या, त्यांतील मुलांच्याही, छातीत जातो. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, परंतु माळ्यावरून भंगाराच्या गाडीवर जाणारी वाट नियमांनी बंद होत नाही.

ती वाट लांबविणे आपल्या हाती आहे. महाविद्यालयाच्या वाचनालयात एक टेबल, एक स्क्रू ड्रायव्हर, एक खोडरबर आणि एक वही एवढ्या सामग्रीवर हे काम सुरू करता येईल. विद्यार्थ्यांनी घरची पडून असलेली यंत्रे आणावीत, प्राध्यापकांनी आपल्या कपाटांतील ध्वनिफिती. सुरू झालेल्या पहिल्या यंत्रावर ओव्या उतरवाव्यात आणि दुसरे यंत्र मोबाईलवर प्रकल्प लिहिणाऱ्या त्या मित्राच्या हाती द्यावे.